चिपमध्ये मागे पडलेला जपान चिपच्या यंत्रांत कसा टिकला?

प्रश्न दोन भागांचा आहे. जपानमधला सेमीकंडक्टर यंत्रांचा बाजार नेमका केवढा? आणि 1988 च्या सुमारास जगातल्या निम्म्या चिप विकणारा हा देश आज दहा टक्क्यांच्या आसपास घसरला असताना चिप बनवणारी यंत्रे विकण्यात मात्र अमेरिकेच्या खालोखाल कसा काय टिकून आहे?

मी बराच काळ फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, लिथोग्राफीच्या बाजूला, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर (वेफरवर) प्रकाशाने नक्षी उतरवण्याचे काम केले आहे, नवी यंत्रे निवडतानाच्या चर्चांतही बसलो आहे. त्यामुळे हे उत्तर यंत्रासमोर उभे राहणाऱ्या माणसाचे आहे. शेअरबाजाराच्या दृष्टीने कोणी वाचत असेल तर त्याने तेवढे ध्यानात ठेवावे.

आधी आकडे, कारण गोंधळाची सुरुवात तिथेच होते. ‘जपानचा बाजार’ म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक म्हणजे जपानमधल्या फॅबनी वर्षभरात विकत घेतलेली यंत्रे, मग ती कुठल्याही देशाच्या कंपनीची असोत. दुसरी म्हणजे जपानी कंपन्यांनी जगभरात मिळून विकलेली यंत्रे. ‘सेमी’ या जागतिक उद्योगसंघटनेच्या हिशोबाने 2024 मध्ये जगात सुमारे 117 अब्ज डॉलरची यंत्रे विकली गेली. त्यातली जवळपास 50 अब्जांची एकट्या चीनने घेतली, कोरियाने 20 अब्जांच्या थोडी वर, तैवानने साडेसोळा अब्जांच्या आसपास, आणि जपानने आठ अब्जांहून जरा कमी. खरेदीदार म्हणून जपानचा वाटा सात टक्क्यांच्या घरातला. आता दुसरे माप. जपानी यंत्रउत्पादकांची संघटना ‘एसईएजे’ जपानी बनावटीच्या यंत्रांची विक्री वेगळी मोजते. 2024 च्या आर्थिक वर्षात ती चार हजार अब्ज येनच्या बरीच पुढे गेली होती. त्या वर्षीच्या विनिमय दराने ही रक्कम तीस अब्ज डॉलरच्या आसपास जाते.

घरची खरेदी आठ, जगातली विक्री तीस. या दोन मापांची सरमिसळ झालेले लेख मी कितीदा तरी वाचले आहेत. एका परिच्छेदात जपानचा बाजार जगाच्या सात टक्के असतो आणि पुढच्याच परिच्छेदात पंचवीस-तीस टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, लेखकाला मात्र आपण काय मोजतो आहोत याचा पत्ता नसतो. कोरियाचे चित्र नेमके उलटे आहे. तिथे खरेदी प्रचंड, पण स्वतःची यंत्रे जगाला विकणाऱ्या कंपन्या त्या मानाने लहान.

हा उद्योग उभा कसा राहिला? गोष्ट आयातीपासून सुरू होते, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आज जपानची सगळ्यात मोठी यंत्रकंपनी असलेली टोकियो इलेक्ट्रॉन 1963 मध्ये स्थापन झाली ती व्यापारी कंपनी म्हणून. टीबीएस या प्रसारण कंपनीचे भांडवल घेऊन काढलेली ही कंपनी अमेरिकन डिफ्यूजन फर्नेस (वेफर तापवणाऱ्या भट्ट्या) आणि टेस्टर (चिप तपासणारी यंत्रे) आणून जपानी कारखान्यांना विकत असे. आयात केलेले यंत्र बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या आणि त्या अमेरिकेला कळवायच्या. हे करता करता अमेरिकन थर्मकोबरोबर 1968 मध्ये संयुक्त कंपनी निघाली आणि फर्नेस जपानमध्येच बनू लागल्या. दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याचा हा रस्ता त्या पिढीतल्या अनेक जपानी कंपन्यांनी धरला.

मग 1976 ते 1980 चा व्हीएलएसआय प्रकल्प, म्हणजे एका चिपवर फार मोठ्या संख्येने घटक बसवण्याचा. फुजित्सु, हिताची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, एनईसी आणि तोशिबा या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्यांना सरकारने एकत्र संशोधनाला बसवले. सुमारे 70 अब्ज येनच्या खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भाग सरकारने उचलला. या प्रकल्पाची आठवण लोक ‘मेमरी चिपमध्ये जपानने अमेरिकेला हरवले’ अशी काढतात. माझ्या मते त्याचे टिकाऊ फळ यंत्रांमध्ये होते. चिपचे आराखडे प्रत्येक कंपनीचे गुपित असत, त्यामुळे एकत्र काम करता येण्याजोगे विषय उरत ते म्हणजे वेफर, मास्क (नक्षीचा साचा), इलेक्ट्रॉन बीम, प्रकाशाने नक्षी उतरवण्याची यंत्रे. निकॉनने पहिला व्यापारी स्टेपर, म्हणजे असेच नक्षी उतरवण्याचे यंत्र, 1980 मध्ये आणला आणि काही वर्षांतच निकॉन व कॅनन यांनी अमेरिकन जीसीएचा बाजार खाऊन टाकला. स्टेपरचा व्यवसाय सुरू करणारी जीसीए 1993 मध्ये बंद झाली.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. 1986 चा अमेरिका-जपान सेमीकंडक्टर करार, मजबूत झालेला येन, वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त मेमरीत कोरियाची मुसंडी, डिझाइन आणि उत्पादन वेगळे करणारे तैवानचे फाउंड्री मॉडेल, आणि प्रत्येक जपानी समूहाचा आपला स्वतंत्र चिप विभाग सांभाळण्याचा हट्ट. 2012 मध्ये मेमरी चिप बनवणारी एल्पिडा दिवाळखोरीत गेली तेव्हा जपानी डीरॅमचा (संगणकाच्या मेमरी चिपचा) अध्याय संपला.

गिऱ्हाईक बुडाले तर यंत्रवाला बुडायला हवा होता. तो का बुडाला नाही?

सोपे उत्तर असे की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. 1990 च्या दशकात टोकियो इलेक्ट्रॉनने परदेशात मध्यस्थांऐवजी स्वतःची विक्री आणि सेवा उभी केली. कोरियात, तैवानात, अमेरिकेत आपले इंजिनिअर बसवले. पण नुसते जाऊन काही होत नाही, गिऱ्हाइकाने दार उघडावे लागते. दार का उघडले, हे समजून घ्यायचे तर एका यंत्राच्या आत जरा वेळ रमावे लागेल. मी माझ्या ओळखीचे यंत्र घेतो, कोटर-डेव्हलपर. फॅबमध्ये याला सगळे ‘ट्रॅक’ म्हणतात.

वेफरवर प्रकाशसंवेदी रसायन, म्हणजे रेझिस्ट, पातळ आणि एकसारखे पसरवणे, ते भाजणे, वेफर स्कॅनरकडे (स्टेपरच्या पुढच्या पिढीच्या, नक्षीचा प्रकाश टाकणाऱ्या यंत्राकडे) देणे, प्रकाश पडून परत आला की पुन्हा भाजणे आणि मग डेव्हलप करणे, ही ट्रॅकची कामे. ऐकायला किरकोळ वाटतात. अडचण रसायनात आहे. 1990 च्या आसपास रासायनिक प्रवर्धन करणारे रेझिस्ट वापरात येऊ लागले. त्यात प्रकाश पडल्यावर आम्लाचे थोडे रेणू तयार होतात आणि भाजताना ते रेणू साखळीने काम करतात. हवेत अमोनिया किंवा अमाइनचा अगदी नगण्य अंश असला तरी वरच्या थरातले आम्ल मरते आणि रेषेचा माथा टोपीसारखा पसरतो. प्रकाश पडल्यापासून भाजण्यापर्यंत किती वेळ गेला यावर रेषेची रुंदी बदलते. एका वेफरला थोडा वेळ आणि दुसऱ्याला जास्त लागला तर दोघांवरची चिप एकसारखी राहत नाही.

यावर उपाय एकच: ट्रॅक आणि स्कॅनर एकमेकांना चिकटवायचे, हवा रासायनिक गाळणीतून आणायची आणि प्रत्येक वेफरचा प्रवास सेकंदात बांधायचा. एकदा ही जोडणी झाली की ट्रॅक ही स्वतंत्र खरेदी राहतच नाही. पलीकडे पंधरा-वीस कोटी डॉलरचा ईयूव्ही (अतिलघु तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचा) स्कॅनर उभा असतो. ट्रॅकचा रोबो अडकला तर तोही थांबतो. अशा वेळी दहा-पंधरा टक्के स्वस्त ट्रॅक घेऊ या, असे खरेदी विभागातला माणूस बैठकीत म्हणतो आणि लिथोग्राफीवाला त्याच्याकडे नुसता बघतो. विषय तिथेच मिटतो. टोकियो इलेक्ट्रॉनकडे जगातल्या ट्रॅकच्या बाजाराचा जवळपास नव्वद टक्के वाटा आहे, आणि ईयूव्ही स्कॅनरला जोडलेल्या ट्रॅकमध्ये तर दुसरे कोणी जवळपास नाहीच. हे ट्रॅक क्युशूमध्ये, कुमामोतोजवळच्या कोशी इथे बनतात.

शिवाय रेझिस्टही जपानी. जेएसआर, टोकियो ओका, शिन-एत्सु, फुजीफिल्म ही नावे जगभरच्या फॅबच्या शीतकपाटांत सापडतील. रेझिस्टचा नवा मसाला आला की तो ट्रॅकवर तपासतात, ट्रॅकचे नवे मॉडेल आले की ते त्या रेझिस्टवर तपासतात. रेझिस्टवाला आणि ट्रॅकवाला एकाच देशात सहज भेटू शकतात आणि एकाच भाषेत भांडू शकतात, याचा फायदा आकड्यांत दिसत नाही.

फॅबमध्ये एखादे यंत्र एखाद्या पायरीसाठी मंजूर झाले, की ते त्या प्रक्रियेची ठरलेली नोंद बनते. नंतर तेच यंत्र, तीच रेसिपी, बहुतेकदा तेच सॉफ्टवेअर सगळ्या लाइनवर लागते. मंजुरीला महिनोन्‌महिने जातात आणि हजारो वेफर खर्ची पडतात. म्हणून खरी लढाई उत्पादन सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी, विकास लाइनवर होते. तिथे हरलेला विक्रेता पुढच्या पिढीपर्यंत बाहेर थांबतो. जपानी कंपन्यांची खासियत मला इथे दिसली. विकासाच्या काळात त्यांचे इंजिनिअर गिऱ्हाइकाच्या फॅबमध्ये ठाण मांडून बसत, रात्रपाळीतही बसत. दोषाचा अहवाल मागितला की कारणांच्या शक्यता ओळीने मांडलेला, प्रत्येक शक्यता का बाद झाली हे सांगणारा जाडजूड अहवाल येई. त्यांची गती कधीकधी वेड लावणारी संथ असते, हेही सांगितले पाहिजे. छोटासा बदल करायला मुख्यालयाची परवानगी यायची वाट बघताना आमचे केस पांढरे झाले. पण बदल केल्यावर तो पुन्हा मोडत नसे.

या उद्योगाकडे बघताना ‘यंत्रांचा बाजार’ असा एकच बाजार डोळ्यांपुढे आणू नये. चिप बनताना शेकडो पायऱ्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पायरीचा वेगळा बाजार असतो, वेगळे दोन-तीन खेळाडू असतात. सगळ्यात मोठ्या खोल्या, म्हणजे प्लाझ्मा एच (प्लाझ्माने थर कोरून काढणे) आणि पातळ थर बसवणे, यांत अमेरिकेच्या अप्लाइड मटेरिअल्स आणि लॅम यांचा दबदबा आहे. एचमध्ये टोकियो इलेक्ट्रॉन लॅमशी झुंजते. जपानचा पंचवीस-तीस टक्के वाटा बऱ्याच अंशी अशा लहान-मध्यम खोल्यांतून गोळा झालेला आहे, ज्यांत एखाद-दुसऱ्या जपानी कंपनीचे राज्य आहे.

क्योटोची स्क्रीन घ्या. पूर्वी तिचे नाव दाइनिप्पोन स्क्रीन होते. मुळे छपाईच्या धंद्यात, छपाईसाठी लागणाऱ्या काचेच्या जाळ्या बनवण्यात. आज वेफर धुण्याच्या यंत्रांत ती जगात पहिली. धुणे हे काम कोणाला आकर्षक वाटत नाही, पण प्रक्रियेत वेफर पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. रचना इतक्या उंच आणि सडपातळ झाल्या आहेत की धुतल्यावर वाळवताना पाण्याच्या पृष्ठताणानेच त्या एकमेकींवर कोसळतात. मग पाण्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचे, काही ठिकाणी थेट अतिक्रांतिक (द्रव आणि वायू यांच्या मधल्या अवस्थेतल्या) कार्बन डायऑक्साइडने वाळवायचे. या तपशिलांवर कंपन्यांचे नफे उभे असतात.

डिस्को ही माझी आवडती कंपनी. 1937 मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथे घर्षणचक्रे बनवणारा कारखाना म्हणून सुरू झाली. आज वेफर कापणे, मागून घासून पातळ करणे आणि पॉलिश करणे या कामांत तिला तोड नाही. गिऱ्हाईक आपला नमुना पाठवतो, डिस्को तो कापून, कुठल्या पात्याने कुठल्या वेगाने कापला ते सांगून परत देते. यंत्र विकल्यावर पाती आणि चक्रे झिजत राहतात आणि त्यांची मागणी येत राहते, त्यामुळे मंदीतही गल्ला अगदी रिकामा राहत नाही. मेमरीचे थर एकावर एक रचायची पद्धत रूढ झाल्यापासून वेफर कागदाहून पातळ घासावे लागतात, आणि डिस्कोचे दिवस आणखी बरे आले.

योकोहामाची लेसरटेक तर आकाराने त्याहून लहान. ईयूव्ही मास्कमधले दोष तपासायला तोच 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश वापरणारे यंत्र तिने पहिल्यांदा बाजारात आणले, 2017 मध्ये कोऱ्या मास्कसाठी आणि 2019 मध्ये नक्षी असलेल्या मास्कसाठी. कंपनी स्वतः मुख्यतः डिझाइन करते, बनवून घेते बाहेरून. याशिवाय टेस्टरमध्ये अ‍ॅडव्हान्टेस्ट, एकाच वेळी शंभरएक वेफरवर थर चढवणाऱ्या फर्नेसमध्ये कोकुसाई इलेक्ट्रिक, सूक्ष्मदर्शकाने रेषेची रुंदी मोजण्यात हिताची हाय-टेक, मास्कवर नक्षी लिहिण्यात न्यूफ्लेअर आणि जेओल.

आता उलट बाजू, कारण जपानी यंत्रे सगळीकडे जिंकली असा समज होता कामा नये. ज्या यंत्राने हा उद्योग प्रतिष्ठेला चढला, त्या स्टेपर-स्कॅनरमध्येच जपान हरला. 1990 च्या दशकात निकॉन जगात पहिला होता. 1984 मध्ये जन्मलेल्या डच एएसएमएलला तेव्हा कोणी फार गंभीरपणे घेत नसे. निकॉन काचेपासून भिंगापर्यंत आणि यंत्रापर्यंत सगळे स्वतः करत असे. एएसएमएलने भिंगे जर्मनीच्या झाइसकडून आणि प्रकाशस्रोत बाहेरून घेतले आणि सगळे भाग एकत्र जुळवण्याच्या कलेवर लक्ष दिले. 2001 च्या सुमारास तिने दोन टेबलांचा स्कॅनर आणला: एका वेफरवर प्रकाश पडत असताना दुसऱ्याचे मोजमाप चालू. उत्पादन वाढवायला हे पुरेसे होते. मग भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी ठेवण्याची कल्पना आली. टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीच्या बर्न लिन यांनी 2002 मध्ये ती जोराने मांडली आणि एएसएमएलने झेप घेतली. निकॉनही नंतर तिथे पोचला, आजही पाण्यातले स्कॅनर बनवतो, पण तोवर तैवान आणि कोरियाच्या मोठ्या फॅबनी आपली लाइन ठरवली होती. 2012 मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग यांनी ईयूव्हीसाठी एएसएमएलमध्ये स्वतःचे पैसे घातले आणि तिथे स्पर्धा संपली.

निकॉनची तांत्रिक बाजू लंगडी होती असे मला वाटत नाही. एवढ्या गुंतागुंतीचे यंत्र एकाच छपराखाली बनवण्याचा काळ संपला होता आणि सगळ्यात मोठे खरेदीदार दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बसू लागले होते. ट्रॅकवाले ज्या कारणाने जिंकले त्याच कारणाने स्कॅनरवाले हरले: पुढची पिढी ठरत असताना गिऱ्हाइकाच्या शेजारच्या खुर्चीत कोण होते. कॅननने शहाणपणाने जुन्या तरंगलांबीची, पॅकेजिंगला (तयार चिप आवरणात बसवायला) लागणारी यंत्रे विकत राहणे पसंत केले आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ठसा उमटवून नक्षी करणारे नॅनोइम्प्रिंट यंत्र बाजारात आणले. ते मेमरीत कुठेतरी जागा मिळवेल असा माझा अंदाज आहे, लॉजिक चिपमध्ये (आकडेमोड करणाऱ्या चिपमध्ये) मला शंका आहे.

गिऱ्हाइकामागे परदेशी जाण्यातही धोका असतोच. कोरियातली सेमेस ही आज सॅमसंगच्या छत्राखालची यंत्रकंपनी. तिची सुरुवात 1993 मध्ये दाइनिप्पोन स्क्रीनबरोबरच्या भागीदारीतून झाली होती. आता धुण्याच्या यंत्रांत ती स्क्रीनचीच स्पर्धक आहे.

आणखी एक थर आहे, आणि बाजाराच्या तक्त्यांत तो येतच नाही. अमेरिकन कंपनीचे एच यंत्र उघडा. वायूचा प्रवाह मोजणारे उपकरण क्योटोच्या होरिबाचे असण्याची शक्यता मोठी, झडपा फुजिकिनच्या, खाली तळघरात निर्वात पंप एबाराचा, वेफर विजेच्या ओढीने पकडून ठेवणारी सिरॅमिकची बैठक शिन्को, एनजीके किंवा टोटोची. होय, तीच टोटो, स्वच्छतागृहांची भांडी बनवणारी. सिरॅमिक भाजण्याचे ज्ञान दोन्हीकडे चालते. उलट जपानी यंत्रात रेडिओ लहरींचा जनरेटर अमेरिकन सापडतो. त्यामुळे ‘या यंत्राचा देश कोणता’ या प्रश्नाला फॅबमधल्या माणसाकडे सरळ उत्तर नसते. राजकारण्यांना मात्र ते हवे असते.

इथून आपण चीनवर येतो. अमेरिकेने 7 ऑक्टोबर 2022 रोजी चीनला पुढारलेली यंत्रे देण्यावर निर्बंध घातले. जपानने 23 जुलै 2023 पासून 23 प्रकारची यंत्रे निर्यात परवान्याखाली आणली: थर चढवण्याची 11, लिथोग्राफीची 4, धुण्याची 3, एचची 3, भाजण्याचे 1 आणि तपासणीचे 1. तेव्हा बाहेरून बघणाऱ्यांना वाटले, जपानी कंपन्यांची विक्री कोसळणार. झाले उलटेच. निर्बंध पुढारलेल्या पिढ्यांवर होते आणि चिनी फॅबनी 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या पिढ्यांची यंत्रे (हा आकडा जितका मोठा तितकी पिढी जुनी) धडाक्याने उचलली. पुढे काय बंद होईल सांगता येत नाही म्हणून गरजेपेक्षा आधीच घेऊन ठेवली. 2024 च्या पूर्वार्धात टोकियो इलेक्ट्रॉनच्या विक्रीतला चीनचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर होता. जपानी निर्यातदार बिले मुख्यतः येनमध्ये करतात, त्यामुळे स्वस्त येनही खरेदीदाराच्या पथ्यावर पडला.

ही मिळकत कायमची समजू नये. शेनयांगची किंगसेमी ट्रॅक बनवते, शांघायची एसीएम धुण्याची यंत्रे, नौरा आणि एएमईसी एच व थर चढवण्याची. त्यांची यंत्रे जुन्या पिढ्यांत चालतात आणि जुन्या पिढ्यांतच चिनी खरेदी मोठी आहे. यातल्या सगळ्यात सुरक्षित खोल्या मला ट्रॅक आणि मास्क तपासणी वाटतात, सगळ्यात उघड्या धुण्याची यंत्रे आणि साध्या फर्नेस. कोकुसाई इलेक्ट्रिक अप्लाइडला विकण्याचा व्यवहार 2021 च्या मार्चमध्ये चिनी नियामकाची मंजुरी वेळेत न आल्याने फिसकटला होता. टोकियो इलेक्ट्रॉन आणि अप्लाइड यांचे 2013 मध्ये जाहीर झालेले विलीनीकरण 2015 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाच्या आक्षेपामुळे सोडून द्यावे लागले. गिऱ्हाइकांना विक्रेते मोजकेच का होईना, वेगवेगळे हवे असतात. सरकारांनाही.

मग आठ अब्ज डॉलरच्या घरगुती बाजाराचे काय? तो लहान असूनही निरुपयोगी नाही. योक्काइचि आणि किताकामीत मेमरी बनवणारी कियोक्सिया, हिरोशिमात मायक्रॉन, नागासाकी आणि कुमामोतोत सोनीचे इमेज सेन्सर, नाका या गावी मोटारींच्या चिप बनवणारी रेनेसास. ही सगळी यंत्रकंपन्यांसाठी जवळची प्रयोगशाळा आहे. रेनेसासच्या नाका फॅबला 19 मार्च 2021 रोजी आग लागली तेव्हा त्याचा प्रत्यय आला. वाहनउद्योग चिपवाचून अडला होता. सरकारने यंत्रकंपन्यांना हाक दिली, जळालेल्या यंत्रांच्या जागी दुसरी उभी केली गेली आणि महिन्याच्या आत, 17 एप्रिलला, उत्पादन पुन्हा सुरू झाले. नव्या यंत्राची ऑर्डर दिली की सर्वसाधारण काळात ते यायलाच कित्येक महिने लागतात, हे ज्याला माहीत आहे त्यालाच या तारखांचे आश्चर्य कळेल.

आता सरकार हा बाजार मोठा करू बघते आहे. कुमामोतोतल्या टीएसएमसीच्या पहिल्या फॅबला 476 अब्ज येनपर्यंतचे अनुदान दिले गेले, अट अशी की किमान दहा वर्षे उत्पादन चालू राहिले पाहिजे. 2024 च्या फेब्रुवारीत तिचे उद्घाटन झाले आणि वर्षाअखेरीस उत्पादन सुरू झाले. तिथल्या प्रक्रिया 28 ते 12 नॅनोमीटरच्या दरम्यानच्या, मोटारी आणि सेन्सरला लागणाऱ्या. होक्काइडोतल्या चितोसे इथे रॅपिडस या नव्या जपानी चिप कंपनीने मात्र थेट 2 नॅनोमीटरची उडी घ्यायचे ठरवले आहे. जपानमधला पहिला उत्पादनयोग्य ईयूव्ही स्कॅनर तिथे 2024 च्या डिसेंबरमध्ये आला. 2025 च्या वसंतापर्यंत सरकारने तिला कबूल केलेली मदत 1,700 अब्ज येनच्या पुढे गेली होती.

यंत्रांच्या विक्रीच्या दृष्टीने पाहिले तर चितोसेची खरेदी जगाच्या बाजारापुढे फार मोठी नाही. तिचे महत्त्व वेगळे आहे. पुढारलेल्या लॉजिकची विकास लाइन गेली कित्येक वर्षे जपानच्या भूमीवर नव्हती. त्यासाठी यंत्रवाल्यांना तैवानचे शिन्चू, कोरिया, ओरेगन किंवा बेल्जियमचे आयमेक हे संशोधन केंद्र गाठावे लागे. घराजवळ तशी लाइन असली तर लहान कंपन्यांनाही, ज्यांना परदेशात तळ ठोकणे परवडत नाही, पुढच्या पिढीची अडचण लवकर दिसते. रॅपिडसला गिऱ्हाइके किती मिळतील याबद्दल मी साशंक आहे. पण तिच्या लाइनवर यंत्रे मंजूर करून घेण्यात जपानी पुरवठादारांचा फायदा आहे, कंपनी पुढे फार मोठी झाली नाही तरी.

कोणी या क्षेत्रात नोकरी किंवा गुंतवणूक करायचा विचार करत असेल तर चक्रांची सवय ठेवावी. 2008 मध्ये सुमारे साडेएकोणतीस अब्ज डॉलर असलेली जागतिक यंत्रविक्री 2009 मध्ये सोळा अब्जांवर आली आणि 2010 मध्ये एकोणचाळीस अब्जांच्या पुढे गेली. ऑर्डर, पाठवणी, बसवणी, मंजुरी आणि मग महसूल, या साखळीत अनेक महिने जातात, म्हणून कंपनीचे निकाल वाचताना आपण मागच्या वर्षीचे हवामान वाचत असतो. मंदीत तग धरायला मदत होते ती आधी विकलेल्या यंत्रांची: सुटे भाग, दुरुस्ती, जुन्या यंत्रांची सुधारणा. टोकियो इलेक्ट्रॉनची नव्वद हजारांहून अधिक यंत्रे जगभर बसवलेली आहेत आणि त्यातली काही माझ्याहून जास्त वर्षे नोकरीत आहेत. 200 मिलिमीटर वेफरच्या जुन्या यंत्रांचा वापरलेल्या मालाचा बाजार हा तर स्वतंत्र उत्तराचा विषय आहे.

सध्याची खरी टंचाई माणसांची आहे. चितोसेत एएसएमएलने सेवाकेंद्र उघडले, जपानी आणि अमेरिकन यंत्रकंपन्याही तिथे माणसे पाठवत आहेत. पण जपानची लॉजिक प्रक्रिया 40 नॅनोमीटरच्या आसपास थांबली ती दहा-पंधरा वर्षे तिथेच राहिली, त्यामुळे त्यापुढची लाइन रोज चालवून पाहिलेले अभियंते देशात जवळपास तयारच झाले नाहीत. म्हणून रॅपिडसने शंभराहून अधिक जण न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीला आयबीएमकडे शिकायला पाठवले. त्यातले बरेच जण पन्नाशीच्या आसपासचे, 1990 च्या दशकात निकॉनच्या स्टेपरवर हात बसवलेले होते. ते परत येऊन तरुणांना किती लवकर तयार करतात यावर चितोसेची लाइन कधी भरवशाने चालेल हे ठरेल, आणि माझा अंदाज विचाराल तर जाहीर केलेल्या तारखेपेक्षा ते दीड-दोन वर्षे उशिरा होईल.